आधी टायर, मग खालचा गिअर, मग चाक

माझ्या एका मित्राला कार्बनची चाकं घ्यायची होती. साठ हजार रुपये बाजूला काढून ठेवलेले, दोन मॉडेल हेरलेली, आणि "यातलं कुठलं घेऊ?" एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, "आधी सायकल घेऊन ये." पुढच्या काही महिन्यांत त्या सायकलीवरचं बरंच काही बदललं, पण कार्बनची चाकं आली नाहीत. डांबर आणि कच्चा रस्ता एकाच सायकलीवर करणाऱ्या बहुतेकांपुढे हाच पेच येतो आणि बहुतेक जण त्याची सुरुवात चाकापासून करतात. माझ्या मते तो क्रम चुकीचा आहे. का, ते या एका सायकलीच्या हिशेबातून नीट दिसतं.

सायकल आणि चालवणारा

सायकल सेकंडहँड. ॲल्युमिनियमची ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) फ्रेम, कार्बनचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे १२×१०० आणि मागे १२×१४२ मापाचे थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाक धरणारे आरपार आस. फ्रेममध्ये ४२ मिमीपर्यंतचं टायर बसतं, पण आधीच्या मालकाने ती फक्त डांबरावर चालवली होती आणि त्या हिशेबानेच सजवली होती: शिमानो १०५ आर७००० चा ११ स्पीड गिअरसंच, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, म्हणजे चेनरिंग (५०/३४), मागे ११ ते २८ दात्यांच्या अकरा चकत्यांची, म्हणजे कॉगची कॅसेट (११-२८), २८ मिमीचे टायर. चाकं कंपनीतून आलेली, रिमची आतली रुंदी १७ मिमी, ट्यूबलेस (आत ट्यूब न घालता टायर बसवता येणारी) न होणारी.

मित्र ४६ वर्षांचा, वजन ७६ किलो. सायकल ११ किलो, पाणी, हत्यारं आणि बॅग मिळून ४ किलो. म्हणजे चढावर ओढायचं वजन ९१ किलो. राहायला सिंहगड रस्त्याला. आठवड्यात दोनदा पहाटे खडकवासल्याकडे, शनिवार-रविवारी पानशेत, वेल्हे, भोर या बाजूला, आणि हिवाळ्यात २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड. ४०० ची तयारी चालू होती.

तक्रारी चार होत्या. वेल्ह्याहून केळदकडे जाताना खिंडीच्या चढावर उतरून चालावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. खडीवर टायर रिमपर्यंत दबून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मागच्या चाकाची तार तुटते, दर वेळी चेनच्या बाजूचीच. आणि लांबच्या राइडला हाताची बोटं बधिर होतात. या चारही गोष्टींवर त्याने काढलेला निष्कर्ष एकच होता: सायकल जड आहे, हलकी चाकं पाहिजेत.

हलक्या चाकांचा हिशेब तिथेच बसून केला. समजा नव्या चाकांनी ३०० ग्रॅम वाचवले. ९१ किलोत ३०० ग्रॅम म्हणजे एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. तासभर चालणाऱ्या घाटात त्याने १२ सेकंद वाचतात. रिमचं वजन फिरतं असल्यामुळे वेग वाढवताना ते दुपटीने जाणवतं हे खरं, पण घाटात एकाच लयीत चढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उंच रिमचा वाऱ्यातला फायदाही वेगावर अवलंबून असतो. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४० च्या वेगाला ती जेवढी लागते त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा २४ च्या वेगाला लागते. मित्राचा बीआरएमचा चालता वेग २४ च्या आसपास. मग त्या पाचव्या हिश्शातून रिम किती वाचवणार?

रस्ता नेमका कसा आहे

महिन्याभराच्या राइड्स नकाशावर पाहिल्या. अंतराच्या मानाने तीन हिस्से डांबर, एक हिस्सा कच्चा रस्ता. पण या आकड्यावर विसंबून चालत नाही. आपलं डांबर म्हणजे वर आलेली बारीक खडी, पावसाळ्यात उखडून पुन्हा भरलेले खड्डे, गावागावाला लागोपाठ रंबलर. आणि कच्च्यातही सगळं सारखं नसतं.

पानशेतच्या बॅकवॉटरच्या कडेने मुरमाचे रस्ते आहेत. मुरूम म्हणजे हवापाण्याने कुजलेला बेसॉल्टच. दिवाळीनंतर तो असा घट्ट बसतो की वाईट डांबरापेक्षा त्यावर बरं चालवता येतं. एप्रिलपर्यंत त्याचाच फुफाटा होतो आणि वळणावर पुढचं चाक सरकायला लागतं. कालव्याच्या भरावावरची वाट सपाट असते, पण कडेला बाभळी, आणि पाऊस संपला की सराटे. काळ्या रानातली पाणंद कोरडी असताना उत्तम; एक सर पडली की माती टायरला चिकटून फोर्कमध्ये चाक अडकतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सगळ्यात वाईट म्हणजे काम अर्धवट राहिलेला रस्ता: क्रशरवरून आलेली ताजी खडी, कडा अजून धारदार, वरून रोलर फिरवला न फिरवल्यासारखा. आपल्याकडची खडी नदीतल्या गोट्यांसारखी गोल नसते. ती टायर कापते आणि चाकाखालून निसटते. केळदच्या बाजूला चढावर असा पट्टा लागला की उभं राहून पेडल मारता येत नाही, कारण वजन पुढे गेलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढावं लागतं. आणि बसून चढायचं तर गिअर हलका हवा. हा मुद्दा पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

पहिला खर्च: फक्त टायर

सुरुवातीला मी त्याला ३५ मिमीच्या टायरची एक जोडी घ्यायला लावली, दुसरं काही नाही. मधला भाग गुळगुळीत, कडेला बारीक खाचा असलेली. जुन्याच रिमवर, आत ट्यूब. २८ मिमीमध्ये तो ९५ पीएसआय हवा भरत असे. ३५ ला पुढे ५०, मागे ५४ वर आणली.

ट्यूबची जोडभोकं जवळपास थांबली, बोटांचा बधिरपणा बराच कमी झाला. त्याला भीती होती ती डांबरावरच्या वेगाची. नेहमीच्या खडकवासला फेरीचे वेळ आधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवून बघितले, फरक दिसला नाही. यात नवल नाही. खरखरीत डांबरावर दगडासारखं कडक टायर प्रत्येक खडीवर उडतं आणि त्या धक्क्यात गेलेली ताकद शरीरात जिरते, पुढे जायला कामी येत नाही. जास्त हवा म्हणजे जास्त वेग हा समज गुळगुळीत ट्रॅकवर खरा असेल, खडकवासल्याच्या रस्त्यावर नाही.

चार तक्रारींपैकी दोन इथे मिटल्या, तेही साठ हजारांतल्या थोड्याशाच पैशांत. चढ मात्र होता तसाच राहिला. खरं तर किंचित अवघड झाला, कारण रुंद टायरचा घेर मोठा. ७००×२८ चं चाक एका फेरीत सुमारे २.१३ मीटर जातं, ७००×३५ चं २.१७, आणि ७००×४० चं २.२०. पेडलची तीच फेरी सायकलला थोडं जास्त अंतर ओढायला लागते. टायर रुंद करताना खालचा गिअर दोन-तीन टक्क्यांनी जड होतो, हे गिअर ठरवताना धरायला हवं.

खालच्या गिअरचा हिशेब

घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) मित्र तासभर १८० वॉट टिकवतो, एवढं माहीत होतं. तेवढ्यावरून पुढचं सगळं निघतं.

दहा टक्के चढ, डांबर, ओढायचं वजन ९१ किलो. गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ९५ न्यूटनचा विरोध. चेनमध्ये थोडी ताकद जाते ती वजा केली तर १८० वॉटला वेग मिळतो ताशी ६.६ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ११० मीटर. त्याच्याकडचा सगळ्यात हलका गिअर ३४/२८, म्हणजे पुढे ३४ दाते आणि मागे २८; २८ मिमी टायरवर पेडलच्या एका फेरीला २.५९ मीटर. ११० ला २.५९ ने भागलं की मिनिटाला ४३ फेरे. गुडघा का दुखतो ते या आकड्यात आहे. त्याला सवय ८५ फेऱ्यांची, आणि चढावर पाय त्याच्या निम्म्या लयीत जोर लावत होते.

आता केळदचा खडीचा पट्टा घ्या: बारा टक्के आणि सुटी खडी. विरोध १२४ न्यूटनच्या घरात जातो, वेग ताशी ५ वर येतो. ४० मिमी टायर धरून ३४/२८ ला मिनिटाला ३२ फेरे. ३२ फेऱ्यांवर सुट्या खडीत तोल सांभाळणं कुणालाच जमत नाही. तो उतरून चालत होता यात त्याच्या दमाचा काही दोष नव्हता, त्याच्या सायकलला तेवढा हलका गिअरच नव्हता.

पर्याय तीन होते.

सगळ्यात सोपा: क्रँक (पेडलच्या दांड्या आणि पुढची चेनरिंग) तोच, मागे ११-३४ ची कॅसेट. खालचा गिअर ३४/३४, बरोबर एकास एक. दहा टक्क्यांवर ५० फेरे, खडीवर ३८. पुष्कळ जणांना एवढं पुरतं. गुडघे ठणठणीत असतील आणि कच्चा रस्ता अधूनमधून असेल तर मी इथेच थांबायला सांगेन.

दुसरा: पुढे एकच चेनरिंग, ४० दाती, मागे ११-४२. खालचा गिअर ०.९५, डांबरावर ५२-५३ फेरे, खडीवर ४०.

तिसरा: शिमानोच्या ग्रॅव्हलसाठीच्या जीआरएक्स मालिकेतला आरएक्स६०० क्रँक, ४६/३०, मागे ११-३४. खालचा गिअर ०.८८, डांबरावर ५७ फेरे, खडीवर ४३ ते ४४.

४३ पासून ५७ पर्यंत फेरे वाढले म्हणजे त्याच ताकदीला प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा जोर पाव हिश्शाने कमी झाला. आणि हे ताज्या पायांचं गणित. ३०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये दोनशेनंतर तो घाटात १५० वॉटच्या वर जात नाही. तिथे ४६/३० वर ४७ फेरे पडतात, जुन्या गिअरवर ३५ पडले असते.

एका चेनरिंगचा मोह त्याला बराच होता. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही, चेन पडत नाही, डोक्याला ताप नाही. या मांडणीची ख्याती ग्रॅव्हल शर्यतींतून आली. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाला दर वर्षी अनबाउंड नावाची दोनशे मैलांची शर्यत होते. तिथल्या फ्लिंट हिल्समध्ये चढ-उतार अखंड आहेत, पण ते आखूड आहेत, आणि पुढचे शर्यतपटू तिथे आपल्या मित्राच्या कितीतरी वरच्या वेगाने जातात. त्यांच्या गरजा वेगळ्या. आपल्या घाटात खालून वरपर्यंत तास-तास एकाच गिअरवर बसावं लागतं आणि उतारालाही तेवढाच मोठा गिअर हवा असतो. ४०/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ४३ ला पाय संपतात.

पण एका चेनरिंगविरुद्ध नेहमी दिला जाणारा "गिअरमध्ये मोठे अंतर" हा युक्तिवाद मी त्याला दिला नाही, कारण कॅसेटचे दाते शेजारी लिहिले की तो अर्धाच खरा आहे हे दिसतं. ११-४२ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३७, ४२. आणि ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. पहिले सहा कॉग हुबेहूब तेच. फरक फक्त मोठ्या कॉगमध्ये, म्हणजे चढावर. आणि मित्राला बारीक पायऱ्या हव्या होत्या त्या चढावरच.

त्याची जुनी ११-२८ ही याच रांगेत ठेवा: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. "जवळजवळचे गिअर जातील" ही भीती ११-३४ घेताना प्रत्येकाला असते. १७ पासून २५ पर्यंत दोन्ही कॅसेट सारख्याच आहेत. जातात फक्त १२ आणि १४. पुढच्या ४६ वर, ८५ फेऱ्यांना, १४ चा कॉग ताशी ३४ आणि ४० च्या मधला आणि १२ चा ४० आणि ४७ च्या मधला. एकटा चालवताना सपाटीवर २५ ने जाणाऱ्या माणसाला या दोघांची आठवण वर्षातून कितीदा येणार? मध्ये बसणारी ११-३२ सुद्धा तपासली: ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८, ३२. तिथेही बारीक पायऱ्या सगळ्या ११ ते १४ मध्ये आहेत, चालत्या वेगाजवळ अंतर दोन-दोन दात्यांचंच. म्हणून ती बाद.

वरच्या गिअरची गोष्ट तर आणखी सुखद निघाली. ५० चं चेनरिंग सोडून ४६ घ्यायला तो कचरत होता. जुनं ५०/११, २८ मिमी टायरवर, ९० फेऱ्यांना ताशी ५२. नवं ४६/११, ४० मिमी टायरवर, ताशी ५०. रुंद टायरने खालच्या गिअरमध्ये जे घेतलं ते वरच्या गिअरमध्ये परत दिलं. शिवाय २४-२५ च्या वेगाला ५० वर चेन २३ च्या कॉगवर असायची, एका कडेला तिरकी; ४६ वर ती २१ वर येते, मधल्या भागात, सरळ. रोजच्या वापरात हा फायदा मी वरच्या दोन किलोमीटरपेक्षा मोठा मानतो.

सुट्या भागांचं जुळवणं

हे न तपासता माल मागवला की पैसे अडकतात. आर७००० चा मागचा डिरेलर दोन लांबीत येतो. मित्राचा आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा भाग) एसएस निघाला, त्याची मर्यादा ३० दात्यांची. त्याहून लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ पर्यंत जातो आणि त्याची एकूण क्षमता, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या फरकांची बेरीज, ३९. पुढचा फरक ४६ वजा ३०, म्हणजे १६. मागचा ३४ वजा ११, म्हणजे २३. बेरीज बरोबर ३९. जीआरएक्स मालिकेतलाच ४८/३१ चा क्रँक घेतला असता तर बेरीज ४० होऊन एकाने बाहेर गेली असती.

जीआरएक्सच्या क्रँकची चेनलाइन (चेन चालते ती रेषा) रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिमी बाहेर असते, रुंद टायरला जागा मिळावी म्हणून. त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो. ब्रेक-शिफ्टर मात्र १०५ चेच चालले. बॉटम ब्रॅकेटही (क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंग) तोच, कारण दोन्हीकडे २४ मिमीची दांडी. दोन पेडलमधलं अंतर या क्रँकमध्ये १५१ मिमी आहे, रोडच्या क्रँकमध्ये १४६. गुडघ्याचा प्रश्न असलेल्या माणसाला हे आधी सांगायलाच हवं. मी सांगितलं, आणि बुटाचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारे तुकडे) थोडे बाहेर सरकवून पाय आत घेतले.

कॅसेट बसवताना एक गोष्ट डोळ्यासमोर घडली. दुकानात तरुण मेकॅनिकने कॅसेट चढवली, ती जागेवर धरणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळली, आणि चाक हातात घेऊन कॉग हलवले तर सगळी कॅसेट डुगडुगत होती. त्याने पुन्हा आवळली, तरी तेच. शिमानोची ११ स्पीडची ११-३४ जुन्या, आखूड फ्रीहबवरही (चाकाच्या मध्यावर कॅसेट बसते तो भाग) बसावी अशी बनवलेली आहे. ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर तिच्यामागे १.८५ मिमीची कडी घालावी लागते. कडी डब्यातच होती, पिशवीच्या तळाशी. ती घातल्यावर लॉकरिंगने घट्ट पकडलं. ही कडी हरवून नंतर गिअर उड्या मारतात म्हणून डिरेलर बदलणारे लोक मला ठाऊक आहेत.

चेन नवीनच घातली. लांबी मोठ्या चेनरिंगवर आणि मोठ्या कॉगवर टाकून, डिरेलरमधून न नेता, वर दोन कड्या जास्त ठेवून मोजली. ४६ आणि ३४ एकाच वेळी चुकून पडले तरी डिरेलर उपटला जाऊ नये एवढी ती लांब हवीच.

मग चाक

इथपर्यंत आल्यावर चाकाचा प्रश्न छोटा झाला होता. जुन्या चाकांत दोन खऱ्या उणिवा होत्या: ट्यूबलेस होत नव्हती, आणि मागच्या तारा तुटत होत्या. मागच्या चाकात कॅसेटला जागा देण्यासाठी चेनच्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात. त्या बाजूची तार कोपऱ्यात तुटत राहिली की एकेक बदलत बसण्यात अर्थ नसतो, बाकीच्याही थकलेल्याच असतात.

चाकाच्या दोन जोड्या ठेवाव्यात, एक डांबराची, एक कच्च्याची, हा त्याचा मूळ बेत. कागदावर तो छान दिसतो. वापरात दोन कॅसेट येतात आणि चेन त्या दोघींबरोबर सारखी झिजत नाही. दोन हबमध्ये डिस्कची जागा केसभर वेगळी असते, मग चाक बदललं की ब्रेक घासतो आणि पातळ शिम घालत बसावं लागतं. ट्यूबलेसचं सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) पुण्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, ते चार टायरमध्ये सांभाळायचं. आणि मुख्य म्हणजे मित्राच्या राइडमध्ये डांबर आणि कच्चा रस्ता एकाच सकाळी येतो. खडकवासल्यापर्यंत एक चाक आणि पानशेतच्या पुढे दुसरं, असं करता येत नाही.

६५०बी या लहान मापाच्या चाकाचाही विचार झाला. त्याच्या रिमचा व्यास ५८४ मिमी, नेहमीच्या ७००सी चा ६२२. ६५०बी×४७ चं टायर चढवलं की चाकाची एकूण उंची ७००×२८ एवढीच होते, म्हणून सायकलची ठेवण बदलत नाही आणि खालचा गिअर ४० मिमीच्या मानाने तीन टक्क्यांनी हलका मिळतो. खडीवर तो नक्कीच सुखी झाला असता. पण त्या मापाचं टायर बीआरएमच्या वाटेत, एखाद्या तालुक्याच्या गावी फाटलं तर मिळणार नाही. ७००सी चं काहीतरी मिळण्याची शक्यता तरी असते. आमचा निर्णय यावर झाला.

शेवटी ७००सी, ॲल्युमिनियमची रिम, आतली रुंदी २३ मिमी, ट्यूबलेस, मागे-पुढे २८ तारा. रिम कडेला ओठ असलेली, म्हणजे हूक असलेली. हूकलेस रिमला हवेची कमाल मर्यादा ५ बारची, म्हणजे साडेबहात्तर पीएसआय. ४० मिमीला त्याचं काहीच नाही, पण उद्या अरुंद टायर टाकावंसं वाटलं तर कुठलं चालेल याची यादी धुंडाळत बसायला नको. तारा जे-बेंड (हबकडच्या टोकाला वाकलेल्या), मध्ये पातळ होणाऱ्या, निपल (तार रिमला धरणारे नट) पितळी. ॲल्युमिनियमची निपलं हलकी असतात, पण घाटातले दोन पावसाळे झाले की ती रिममध्येच गंजून बसतात आणि चाकाचा आउट काढायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. सरळ तारांची चाकं दिसायला देखणी, मात्र त्या मापाची तार ऐन वेळी दुकानात नसते. जे-बेंडच्या दोन जादा तारा त्याने सीटट्यूबला टेप लावून ठेवल्या आहेत. हब सीलबंद बेअरिंगचे, जुन्या डिस्क तशाच बसतील असे.

चाकं पुण्यातच बांधून घेतली. मागे चेनच्या बाजूला ताण ११५ केजीएफच्या (किलोग्रॅम-बलाच्या) आसपास. ट्यूबलेस टायर हवा भरून बसवल्यावर रिम आवळली जाते आणि ताण थोडा उतरतो, त्यामुळे तो टायर चढवून पुन्हा तपासला, आणि पहिल्या काही राइडनंतर आणखी एकदा.

टायर ४० मिमी, मधोमध जवळपास गुळगुळीत. घरच्या पंपाने ते रिमवर बसेना. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं, प्रेस्टा व्हॉल्व्हवर अडॅप्टर लावला, व्हॉल्व्हचा कोअर काढून कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडली तेव्हा दोन फटाक्यांसारखे आवाज करत कडा जागेवर बसल्या. मग कोअर लावून प्रत्येकी ५० मिलीलिटर सीलंट. डांबरासाठी पुढे ३८, मागे ४१ पीएसआय. कच्चा रस्ता सुरू झाला की ३० आणि ३३. त्याच्या खिशात छोटा डिजिटल गेज असतो, आणि ते सात-आठ पीएसआय सोडायला थांबायचा तो कंटाळा करत नाही.

पुढे काय झालं

केळदचा चढ तो बसून चढतो. वेग फारसा वाढला नाही, वाढायचं कारणही नव्हतं, ताकद तीच आहे. पण वर पोचल्यावर तो लगेच बोलू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत नाही. खडीच्या पट्ट्यातला सगळ्यात तीव्र तुकडा अजूनही कधीकधी उतरायला लावतो. तिथे गिअरला नव्हे तर टायरच्या पकडीला मर्यादा येते, आणि मधोमध गुळगुळीत टायर निवडताना ती आम्ही मान्य केली होती.

४०० च्या बीआरएमला टायर कुठलं ठेवायचं यावर पुन्हा चर्चा झाली. जुनी चाकं आणि अरुंद टायर घरात होतेच. त्याने ४० मिमीच ठेवलं. ४०० ला वेळ मिळतो २७ तास, म्हणजे थांब्यांसकट ताशी पंधरालाही किंचित कमी. अशा राइडमध्ये ताशी अर्धा किलोमीटर कमावण्यापेक्षा रात्री दोन वाजता न दिसलेल्या खड्ड्यातून सहीसलामत बाहेर पडणं जास्त मोलाचं. ती राइड त्याने वेळेत पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी टायर पुसताना त्यात दोन काटे मोडून बसलेले दिसले, सीलंटने भोकं कधी बुजवली ते त्याला कळलंही नव्हतं.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. ४६ वरून ३० वर चेन उतरताना सोळा दात्यांची उडी बसते, पाय एकदम मोकळे फिरतात, आणि लय टिकवायला त्याच वेळी मागे काही कॉग लहान करावे लागतात. चढाच्या पायथ्याशी हे आधीच करून ठेवायची सवय आता लागते आहे.

पावसाळ्यात ४० मिमीसोबत मडगार्ड बसत नाहीत, फ्रेमच्या पुलाखाली जागा उरत नाही. म्हणून जूनमध्ये पहिल्या प्रयोगातली ३५ मिमीची जोडी याच नव्या रिमवर चढते, यावेळी ट्यूबशिवाय, वर पूर्ण लांबीचे मडगार्ड. ऑक्टोबरमध्ये मुरूम बसला की पुन्हा ४०. गिअरला दोन्हीकडे हात लावावा लागत नाही.